मोरचुदाचं दुसरं नाव

पुष्पाबाई शिपायाच्या डाव्या हातावर ॲसिड सांडलेलं आहे, हे त्या हायस्कुलातल्या पाचवीपासून दहावीपर्यंतच्या समद्या पोरांना ठाऊक होतं. म्हणून तर ती बाई उन्हाळा असो की थंडी, पदराचं टोक मनगटापर्यंत गुंडाळून असते. कुणी सांगायचं सल्फ्युरिक होतं, कुणी पैजेवर सांगायचं नायट्रिक. एका पोराने तर कातडी जळतानाचा वास स्वतः घेतला होता म्हणे. बाईंना मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची त्यांना सवय नव्हती.

शाळा मिरजगावाहून आत दोन कोसांवर. पत्र्याच्या आठ खोल्या, एक विहीर आणि कौलारू प्रयोगशाळा. भीमराज साळवे तिथे शिपाई होता. अठ्ठ्याऐंशी साली विहिरीवरची मोटर बघायला गेला आणि शॉक लागून जागच्या जागी गेला. संस्थेने त्याच्या बायकोला त्याच्या जागी घेतलं. बाई नववी शिकलेली होती, पण घंटा वाजवायला नववीचं काय काम? ती घंटा वाजवायची, वर्ग झाडायची, आणि दुपारनंतर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायची. महिन्याभरात तिला घंटेपेक्षा नळ्या आवडायला लागल्या.

प्रयोगशाळा कानिफनाथ गांगर्ड्यांच्या ताब्यात होती. प्रयोगशाळा सहायक, तीस वर्षं नोकरी, डोळे अधू. म्हाताऱ्याने एकही रसायन त्याच्या बाटलीवरच्या नावाने कधी पुकारलं नाही. निळी बाटली दिसली की मोरचूद. हिरवट खडे दिसले की हिराकस. अमोनियम क्लोराइडला नवसागर आणि पोटॅशियम नायट्रेटला सोरा. सर वर्गातून ओरडायचे, कॉपर सल्फेट पाठवा, आणि कानिफनाथ बाईला सांगायचा, मोरचूद दे. एका पावसाळ्यात कसरीने तीन फळ्यांवरच्या चिठ्ठ्या खाऊन टाकल्या, तेव्हा म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. बाईने रंग बघून, बाटली हलवून, एकदोन तर झाकणाच्या डागावरून ओळखून सगळ्या चाळीस बाटल्या लावून दिल्या. भापकर सरांनी मागून तपासलं, तर एकही चुकली नव्हती.

भापकर सर विज्ञानाचे. त्यांनीच चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये विषय काढला. कानिफनाथ पुढच्या मे महिन्यात रिटायर होतोय. जागा निघेल. दहावी पास लागतं, आणि विज्ञान घेऊन पास लागतं. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, मार्चला बसायचं. बाहेरून बसणाऱ्या बायका विज्ञान सोडून गृहशास्त्र घेतात, ते इथे चालणार नाही. संस्थेच्या सेक्रेटरींचा भाचा प्रवीण त्याच जागेवर डोळा ठेवून आहे, तो दहावीला दुसऱ्या खेपेला निघालेला आहे आणि तुम्ही नापास झालात तर त्याची वर्णी लागलीच समजा. सर एवढं बोलले आणि चहा प्यायला गेले.

बाईने रात्रभर विचार वगैरे केला नाही. नळ्या धुऊन झाल्या तसा तिने होकार दिला. तिला ती जागा हवी होती, एवढी साधी गोष्ट होती. घंटा वाजवणारीला कुणीही कुठंही पिटाळतं. सहायकाला स्वतःची खोली असते, स्वतःची किल्ली असते. सहा वर्षं त्या खोलीतली प्रत्येक वस्तू तिच्या हातून फिरली होती, आणि उद्या प्रवीणने येऊन तिला मोरचूद कुठं असतं ते विचारावं, ही कल्पनाच तिला सहन होईना.

फॉर्म भरताना पहिली ठेच लागली. शाळा सोडल्याचा दाखला केडगावकडचा होता आणि त्यावर नाव होतं घोडके कडूबाई कोंडीराम. क्लार्क रविराजने दाखला उलटापालटा करून बघितला आणि ही कोण म्हणून विचारलं. बाई म्हणाली, मीच. दाखल्यावर जे नाव तेच फॉर्मवर लागतं, बोर्ड दुसरं काही ऐकत नाही, म्हणून रविराजने कडूबाई लिहिलं. आणि बजावलं, हॉलमध्ये सही पण हीच करायची, क. को. घोडके. बाईने मान डोलावली. फोटोवर हेडमास्तरांचा गोल शिक्का असा काही बसला की एक कान आणि थोडा अंबाडा तेवढा शाबूत राहिला.

आता कडू नाव का, हे काही कोडं नाही. केडगावला कोंडीराम घोडके मार्केटयार्डात हमाल होता. त्याची आणि भामाबाईची पहिली तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथी झाली तिचं नाव कडू ठेवलं. म्हणजे मरणाने चव घ्यावी, तोंड वाकडं करावं आणि पुढच्या घरी जावं. पोर जगली. पंधराव्या वर्षी, नववी झाली न झाली तोच, भीमराजशी लग्न लागलं. सासू गोजरबाई करारी बाई होती. मांडवातच म्हणाली, माझ्या घरात कडू नाव चालायचं न्हाई. पुष्पावती ठेवलं. कुणी नवरीला विचारलं का? तेव्हा तसली पद्धत नव्हती, आजही फारशी नाही. पाटावरून उठली ती पुष्पा होऊन उठली, आणि सोळा वर्षांत तिला कडू म्हणणारी माणसं एकेक करून संपली.

शाळा सुटल्यावर सर तासभर शिकवायचे. ती नळ्या विसळायची, सर फळ्यावर लिहायचे. सरांची एक खोड होती: रसायनशास्त्रातली कुठलीही गोष्ट ते लग्नावर आणून ठेवायचे. त्यांचं स्वतःचं लग्न छत्तिसाव्या वर्षी जमलं होतं, त्यामुळे विषयाचा अभ्यास दांडगा. धातू म्हणजे नवरा, त्याचा मान पहिला, सूत्रात तो आधी लिहायचा. अधातू नवरी, ती मागून. नवऱ्याचं नाव तसंच राहतं. सोडियमचा सोडियमच. नवरीच्या नावाचं शेपूट बदलतं. क्लोरिनची क्लोराइड होते, ऑक्सिजनची ऑक्साइड, सल्फरची सल्फाइड. पहिल्याचं नाव तसंच, दुसरीचं बदलायचं. हे एवढं वाक्य घोकलं तरी चार मार्क कुठं जात नाहीत, असं सरांचं म्हणणं.

सूत्र लिहायची रीत म्हणजे साटंलोटं. यांची मुलगी त्यांना, त्यांची यांना. ॲल्युमिनियमची संयुजा तीन, ऑक्सिजनची दोन. ॲल्युमिनियमचे तीन ऑक्सिजनच्या पायाशी बसवायचे, ऑक्सिजनचे दोन ॲल्युमिनियमच्या. झालं Al₂O₃. बाईला हे एका दमात कळलं, कारण तिच्या चुलत नणंदेचं लग्न साट्यालोट्यातच झालेलं होतं. मग तिने कॅल्शियम ऑक्साइड स्वतःहून लिहिलं, Ca₂O₂, आणि सरांकडे बघितलं. सर म्हणाले, दोन्हीकडे दोन-दोन असले तर फिट्टंफाट, काही लिहायचंच नाही, नुसतं CaO. बरोबरीच्या घरात देणंघेणं कसलं? तिने खोडलं आणि परत ती चूक केली नाही.

पण बाई नुसती मान हलवणाऱ्यातली नव्हती. आठ दिवसांनी लोखंड निघालं. लोखंडाची संयुजा कधी दोन, कधी तीन. दोन असली तर फेरस, तीन असली तर फेरिक. तिने हातातली नळी खाली ठेवली. मग नवऱ्याचंबी नाव बदलतंय की, ती म्हणाली. सर जरा अडकले. म्हणाले, तो नवरा दोन तऱ्हेने वागतो, म्हणून लोकांनी ओळखायला दोन नावं ठेवलीत. तिला हे उत्तर पटलं नाही, पण परीक्षेपुरतं पुरेसं होतं.

मूलकं आली तेव्हा मात्र तिला बरं वाटलं. सल्फेट, नायट्रेट, हायड्रॉक्साइड. ही एकटीदुकटी येत नाहीत, दोन ते पाच अणूंचं बिऱ्हाड एकत्र येतं, आणि कुणाच्याही घरात गेलं तरी आपलं नाव घेऊनच जातं. सोडियमकडे गेलं तरी सल्फेट, तांब्याकडे गेलं तरी सल्फेट. एकापेक्षा जास्त लागली तर बिऱ्हाडाभोवती कंस घालायचा आणि आकडा कंसाबाहेर. तिने कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कंस असा काही नीट गोल काढला की सर बघत राहिले.

एकदा सर रंगात येऊन सांगत होते, क्लोरिन म्हणजे विषारी वायू, नुसता हुंगला तर माणूस आडवा. आणि तीच सोडियमच्या घरी आली की मीठ, रोज भाजीत टाका. सासरी आली की निवळली बघा. कानिफनाथ कोपऱ्यात बसून हसला. बाई हसली नाही.

"निवळली, का तिचं तिच्यात काईच उरलं न्हाई?" तिने विचारलं.

सरांनी थट्टा बाजूला ठेवली, कारण माणूस मुळात भला होता. त्यांनी चिमूटभर मीठ चंचुपात्रात टाकलं आणि सांगितलं, पाण्यात गेलं की दोघं परत सुटे होतात. सोडियमचे आयन वेगळे, क्लोराइडचे वेगळे. दिसत नाही, पण असतात. बाईने ते पाणी बराच वेळ निरखलं आणि मग मोरीत ओतून दिलं.

मार्च उजाडला. सेंटर तालुक्याला आलं होतं. बाई रोज सकाळी पहिल्या एसटीने जायची. मराठी गेलं, हिंदी गेलं, इंग्रजीने घाम काढला, गणिताने उरलासुरला काढला. प्रत्येक पेपरला हजेरीचा लांब कागद यायचा, एका उमेदवाराची एक ओळ, दर पेपरला एक चौकोन. चार चौकोनांत तिने रविराजची आठवण ठेवून, एकेक अक्षर कोरून सही केली: क. को. घोडके.

पाचवा दिवस विज्ञानाचा. आपली भिस्त याच पेपरवर आहे हे तिला माहीत होतं. गणितात काठावरची आशा होती, पण विज्ञान गेलं तर जागा गेली. प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधी ती ओठातल्या ओठात म्हणत होती, पहिल्याचं नाव तसंच, दुसरीचं बदलायचं. पहिल्याचं तसंच, दुसरीचं बदलायचं. हजेरीचा कागद समोर आला. तोंडात वाक्य तेच आणि हात सात वर्षं मस्टरवर चाललेला. त्याने आपलं काम केलं. पाचव्या चौकोनात वळणदार सही उमटली: पु. भी. साळवे. कागद पुढच्या बाकावर गेला, आणि बाईने पहिला प्रश्न वाचायला घेतला.

तासाभराने बाहेर जीप थांबली. भरारी पथक आलं म्हणताच खिडक्यांखाली चिठ्ठ्यांचा सडा पडला. ज्यांनी आयुष्यात कधी पुस्तकाला हात लावला नव्हता त्यांनी पुस्तकं गिळल्यासारखी तोंडं केली. पथकाच्या प्रमुख एक मॅडम होत्या, नगरहून आलेल्या, इतिहासाच्या, चष्म्याला दोरी. त्यांनी दोन पोरं मागच्या बाकावरून उठवली, एकीच्या कंपासपेटीतून घडी काढली, आणि मग हजेरीचा कागद मागवला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. चार सह्या एका हाताच्या, पाचवी दुसऱ्याच बाईची.

त्या बाकाशी आल्या. नाव विचारलं. बाई उभी राहिली आणि म्हणाली, कडूबाई. मग ही सही कुणाची, म्हणून मॅडमनी कागद पुढे केला. बाईने कागद बघितला. ती म्हणाली, तीबी माझीच. नाव सासरचं हाय. चुकून झाली.

मॅडमनी हे उत्तर त्या आठवड्यात निदान दहा वेळा ऐकलं असेल. प्रत्येक तोतया हेच सांगतो, सही चुकून झाली. चार पेपर खऱ्या उमेदवाराने दिले आणि जड पेपराला कुणी शिकलेली आणून बसवली, हे इतकं सरळ होतं की त्यांना त्यात शंका घ्यायलाही जागा दिसेना. त्यात पेपर चांगला लिहिलेला. त्यांनी हॉलतिकीट बघितलं. त्यावर एक कान आणि थोडा अंबाडा. त्यांनी उत्तरपत्रिका ताब्यात घेतली आणि बाईला व्हरांड्यात यायला सांगितलं.

व्हरांड्यात केंद्रसंचालक आले. शाळेला फोन लावायचा तर लाइन तीन दिवसांपासून बंद. तुला इथं कडूबाई म्हणून ओळखणारं कुणी आहे का, मॅडमनी विचारलं. बाईने डोकं चालवलं. तालुक्याला तिला ओळखणारे दहा जण निघाले असते, पण ते सगळे पुष्पाला ओळखणारे. कडूला ओळखणारी आई गेली, बाप गेला. केडगावच्या शाळेतल्या पोरी कुणाकुणाच्या घरी कुठल्या नावाने नांदत होत्या कोण जाणे. ती न्हाई म्हणाली, आणि तेवढं म्हणताना तिला रडू आलं. आत घड्याळ चाललं होतं. नुसती नापास नाही, तोतया म्हणून केस झाली तर घंटासुद्धा हातची जाणार होती.

केंद्रसंचालक हवालदाराला खूण करत होते, तेवढ्यात मॅडमची नजर बाईच्या हाताकडे गेली. रडू पुसताना पदर सरकला होता. मनगटाच्या वर, आतल्या अंगाला, निळसर अक्षरं दिसत होती.

"म्हणजे कॉपीसुद्धा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी हात धरला.

त्यांनी रुमाल काढला, व्हरांड्यातल्या माठात बुडवला आणि ती अक्षरं पुसायला घेतली. एकदा पुसली. दोनदा पुसली. मग जोर लावून घासली. हात लाल झाला, अक्षरं होती तिथेच. बाई हात न ओढता उभी होती.

"ते निघत न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मी पाच वर्साची हुते तवा आईनं गोंदून घेतलंय."

ती खरी गोष्ट. तीन पोरं गेलेली भामाबाई नुसतं नाव ठेवून थांबणारी नव्हती. मरणाने हाक ऐकली नाही तर निदान वाचावं, म्हणून तिने पोरीला बाजारात नेलं. कोंडीरामला चार अक्षरं येत होती, त्याने पाटीवर लिहून दिलं, आणि गोंदणारणीने पाटीवर बघून सुई चालवली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. नाव झालं, बापाचं नाव निम्मं झालं, तोवर पोरीने असा टाहो फोडला की पुढचं राहून गेलं. लग्नात गोजरबाईने ते बघितलं आणि सांगितलं, झाकून ठेव. सोळा वर्षं ती ते झाकून होती. सवयीने इतकी झाकून होती की व्हरांड्यात कुणी ओळखणारं आहे का म्हणून विचारलं, तेव्हासुद्धा तिला ते आठवलं नाही.

मॅडमनी चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचलं: कडु कोंडी. मग हॉलतिकीट वाचलं. मग परत हात. केंद्रसंचालकांनीही वाकून वाचलं, आणि हवालदाराला उगाच पाणी आणायला पाठवलं. तोतया माणूस एका पेपरासाठी पंचवीस वर्षं आधी हात गोंदून ठेवत नाही, एवढं इतिहासाच्या माणसालाही समजतं. मॅडमनी त्या पाचव्या चौकोनाशेजारी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या, बाईकडून त्याखाली क. को. घोडके करून घेतलं, आणि उत्तरपत्रिका परत दिली. ओला रुमाल पिळत त्या पुढच्या वर्गाकडे गेल्या.

चाळीस मिनिटं गेली होती. वाढीव वेळ देता येत नाही, हे केंद्रसंचालकांनी फार सौजन्याने सांगितलं. बाई बाकावर बसली. मोठी उत्तरं आता होण्यासारखी नव्हती. तिने पानं उलटून सूत्रांचा प्रश्न शोधला. मॅग्नेशियम क्लोराइड. अमोनियम सल्फेट. फेरिक ऑक्साइड. साटंलोटं, साटंलोटं, बिऱ्हाडाला कंस. कंस गोलच आला. शेवटची घंटा झाली तेव्हा एक अख्खा प्रश्न कोरा होता. उठताना तिने पदर सारखा केला, आणि डावा हात झाकायचं मात्र राहून गेलं. एसटीत ध्यानात आलं, तेव्हाही तिने तो तसाच ठेवला.

जूनमध्ये निकाल लागला. कानिफनाथ तोवर नारळ घेऊन घरी बसला होता आणि प्रयोगशाळेची किल्ली हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये पडली होती. बाई पास झाली. गणितात काठावर, विज्ञानात काठापासून दोन मार्क आत. भापकर सरांनी पेढे आणले आणि आपल्या पद्धतीची तारीफ आपणच केली.

पण सेक्रेटरी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने गुणपत्रक हातात घेतलं, दूर धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाला, ही घोडके बाई पास झाली, आनंद आहे. पण आमच्या दप्तरी साळवे बाई आहे. साळवे बाई कुठे पास झाली? प्रवीण बाहेर बाकड्यावर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलाच होता. हेडमास्तर एरवी सेक्रेटरीपुढे तोंड उघडत नसत, पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. ते म्हणाले, एकाच बाईची दोन नावं आहेत, गॅझेटमध्ये जाहिरात देऊन एक करून घेता येतं. तोवर जागा रिकामी ठेवू. सेक्रेटरीला नियमापुढे नाही म्हणता येईना. दिवाळीपर्यंत नाव एक झालं नाही तर जागा प्रवीणची, असं ठरलं.

रविराजने गॅझेटचा फॉर्म आणला. त्यात दोन ओळी होत्या. जुने नाव. नवीन नाव. रविराजला यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. जुनं ते कडूबाई, नवीन ते पुष्पावती, सरकारी दप्तरात सात वर्षं तेच आहे. त्याने पेनचं टोपण काढलंसुद्धा. बाईने पेन मागून घेतलं.

तिने जुन्या नावापुढे लिहिलं, पुष्पावती भीमराज साळवे. नवीन नावापुढे लिहिलं, कडूबाई कोंडीराम घोडके. रविराज म्हणाला, उलटं झालं बाई. ती म्हणाली, न्हाई. मग सर्व्हिसबुक बदलावं लागेल, तो म्हणाला. ती म्हणाली, बदला. भीमराजचं नाव सोडताय का, असं त्याने जरा खालच्या आवाजात विचारलं. तेव्हा बाईचा चेहरा हलला. भीमराज चांगला माणूस होता. घरात कुणी नसलं की तिला कडू म्हणायचा आणि सांगायचा, मला गोड खाल्लं की दाढ दुखती. हे काही तिने रविराजला सांगितलं नाही. तिने फॉर्मवर सही केली आणि घंटा वाजवायला गेली, कारण मधली सुट्टी संपली होती.

गावात बभ्रा व्हायला दोन दिवस लागले. नवरा मेल्यावर आडनाव टाकलं, काय ही बाई! भापकर सरांनाही जरा चुकचुकल्यासारखं झालं. त्यांच्या नियमात नवरीचं नाव परत बदलत नव्हतं. लोक बोलले, आणि चार दिवसांनी दुसरं काही मिळालं तसे ते बोलायचे थांबले. गॅझेट दसऱ्याच्या आधी आलं. प्रवीणला संस्थेच्या वसतिगृहावर चिकटवलं, आणि हेडमास्तरांनी ड्रॉवर उघडून किल्ली काढून दिली.

बाकी होती ती गोजरबाई. नाव तिने ठेवलेलं, घरात तीच एक मोठी, आणि सून कामाला गेल्यावर बौद्धवाड्यातल्या बायांनी तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलेलं. तीन महिने म्हातारी त्यावर एक शब्द बोलली नव्हती. सुनेने तिची पेज वेळच्या वेळी केली होती, तिने ती वेळच्या वेळी खाल्ली होती.

किल्ली मिळाली त्या दिवशी बाई पाचलाच घरी आली. गोजरबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सुनेने किल्ली तिच्या समोर ठेवली. म्हातारीने ती उचलून वजन केल्यासारखी हातावर धरली. तिचा डोळा सुनेच्या उघड्या हातावर गेला आणि तिथेच थांबला. सोळा वर्षांमागं ते झाक म्हणून तिनेच सांगितलं होतं, आणि ते दोघींनाही आठवत होतं.

"मंग आता म्या तुला काय म्हनू?" म्हातारीने विचारलं. आवाजात राग नव्हता. भ्यालेली होती.

सुनेने सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि शेजारी बसली. राग होता, नाही असं नाही. मांडवातला होता, सोळा वर्षं गुंडाळलेल्या पदराचा होता. तो पार गेला असं तिला त्या दिवशी वाटलं नाही, पुढेही कधी वाटलं नाही. पण भीमराज गेल्यावर तेराव्या दिवशी, कामावर जा, पोरी, घर मी बघते, असं म्हणणारीही हीच म्हातारी होती.

"तुमी पुष्पाच म्हना," ती म्हणाली. "बाटलीवर काय बी लिवलेलं असू द्या, घरात मोरचूदच म्हनत्यात."

गोजरबाईला बाटलीचं काही कळलं नाही. तिने किल्ली सुनेच्या पदराला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि सूप दोघींच्या मधे सरकवलं.